पानाची सकाळची चव

पानफुटीचं पान सकाळी चावलं तर आंबट लागतं, दुपारी बेचव आणि संध्याकाळी किंचित कडवट. भारतात राहून काम करणाऱ्या बेंजामिन हाइन या वनस्पतिशास्त्रज्ञानं १८१३ साली एका पत्रात हे लिहिलं. ते वाचल्यावर मी चार दिवस घरच्या कुंडीतल्या पानाचा तुकडा तिन्ही वेळा चावून थुंकून पाहिला. सकाळचा आंबटपणा आणि दुपारचा सपकपणा अगदी स्पष्ट कळतो.

पानफुटी रात्री रंध्रं उघडून कार्बन डायऑक्साइड घेते आणि त्याचं मॅलिक आम्ल करून साठवते. दिवसा बाहेर ऊन तापतं तेव्हा तिची दारं बंद असतात. आत ते आम्ल मोडून साखर तयार होते आणि पाणी फारसं उडत नाही. निवडुंग, घायपात आणि अननस यांचीही हीच रीत.

एवढा खटाटोप कशासाठी? कार्बन डायऑक्साइड पकडणारं रुबिस्को हे विकर अधूनमधून चुकून ऑक्सिजन पकडतं. उष्णता वाढली की ही चूक वाढते आणि केलेली कमाई वाया जाते. गहू, भात, हरभरा हा तोटा सोसतात.

ज्वारीनं वेगळी वाट काढली. तिच्या पानाचा दाढीच्या पात्यानं पातळ काप घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवा. प्रत्येक शिरेभोवती गर्द हिरव्या पेशींचं कडं दिसेल. गव्हाच्या कापात शिरेभोवतीचं वर्तुळ फिकट असतं. या कड्याला हाबरलांट यांनी जर्मन भाषेत 'क्रान्त्स' म्हणजे पुष्पचक्र म्हटलं. त्याचं काम मात्र १९६६च्या सुमारास हॅच आणि स्लॅक यांच्या उसाच्या पानांवरील प्रयोगांतून उलगडलं. बाहेरच्या पेशी कार्बन डायऑक्साइड पकडून चार कार्बनांच्या आम्लाच्या रूपात कड्यात ढकलतात. तिथं तो इतका दाटतो की ऑक्सिजनचा शिरकाव कठीण होतो. पानफुटी ही दोन कामं रात्र-दिवसांत वाटते, ज्वारी दोन जागांत.

म्हणून ज्वारी, बाजरी, मका, ऊस यांना तेवढीच वाढ करायला गहू-भातापेक्षा कमी पाणी लागतं. व्याख्यानांत मी 'ऊससुद्धा काटकसरी' असं सांगून मोकळा होत असे. एकदा एका शेतकऱ्यानं विचारलं, "मग आमच्या विहिरी कशानं आटल्या?" मला उत्तर देता आलं नाही. उसाचं पान काटकसरी आहे, पण ते पीक वर्षभर, आडसाली असेल तर दीड वर्ष रानात उभं राहून पाणी पितं. बाजरी तीन महिन्यांत घरी येते. आता उसाच्या पानाबद्दल बोललो की हे दीड वर्षही मी सांगतो.