साखर काढली, तर गोळी उरेल का?

खडीसाखरेचा एक खडा आणि लिमलेटची एक गोळी शेजारी शेजारी ठेवून पाहा. दोन्ही कडक, दोन्ही गोड आणि दोन्ही बहुतांशी साखरेच्याच. आता दोन्ही फोडून पाहा. खडीसाखरेच्या तुकड्यांना सपाट, चकचकीत पैलू दिसतील. गोळीचे मात्र फुटक्या बाटलीसारखे वक्र आणि धारदार तुकडे होतील. पदार्थ एक, पण रचना दोन. खडीसाखर हा स्फटिक आहे आणि लिमलेटची गोळी ही खरोखरच काच आहे!

घरी 'बिनसाखरेच्या' गोळ्या कराव्यात असे अलीकडे अनेकांना वाटते. कुणाच्या घरी मधुमेह असतो, कुणाला मुलांच्या दातांची काळजी असते. शाळेच्या आनंदमेळाव्यात 'शुगर फ्री' अशी चिठ्ठी लावलेली बरणीही दिसू लागली आहे. अशा वेळी पहिला प्रश्न विचारला जातो तो 'साखरेऐवजी गोड काय घालावे?' हा. आमच्या मते हा प्रश्नच थोडा चुकीचा आहे. गोड पदार्थ पुष्कळ आहेत. खरा प्रश्न असा की, साखरेऐवजी काच कशाची करावी?

साखर गोळीत काय काम करते?

अंधेरीला लागून असलेल्या विलेपार्ल्यात १९२९ साली मोहनलाल चौहान यांनी जो कारखाना काढला, त्याची सुरुवात बिस्किटांनी नव्हे, तर गोळ्यांनी झाली होती. बिस्किटे दहा वर्षांनी आली. पार्ले स्टेशनवर उतरणाऱ्यांना भाजणाऱ्या बिस्किटांचा वास ओळखीचा झाला तो त्यानंतर. हा कारखाना २०१६ मध्ये बंद झाला. नाशिक जिल्ह्यात वालचंद हिराचंद यांनी १९३३ साली रावळगावला साखर कारखाना उभारला. पुढे त्याच नावाच्या गोळ्या महाराष्ट्रभर पोहोचल्या. या सगळ्या गोळ्यांमागचे तंत्र एकच होते आणि ते आपल्या स्वयंपाकघरातही आहे.

साखरेचा पाक आपण एकतारी, दोनतारी, गोळीबंद असा पारखतो. पाणी आटत जाते तसा पाकाचा उत्कलनबिंदू वाढत जातो. म्हणून पाकाचे तापमान पाहिले की त्यात पाणी किती उरले ते कळते. गोळीबंद पाक सुमारे ११५ ते १२० अंश सेल्सियसला होतो. गोळीसाठी त्याच्याही पुढे, सुमारे १५० अंशांपर्यंत जावे लागते. तेव्हा पाकात एखादा-दुसरा टक्काच पाणी उरते. हा पाक लवकर थंड केला, तर साखरेच्या रेणूंना ओळीने रचून बसायला सवडच मिळत नाही. ते जसे असतील तसे अडकून पडतात. यालाच काच म्हणायचे.

पाक साखरू नये म्हणून आपण त्यात लिंबू पिळतो. लिंबातल्या आम्लामुळे काही साखर फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज तयार होतात. हे पाहुणे रेणू साखरेच्या रेणूंची रांग मोडतात आणि पाक नितळ राहतो. कारखान्यात लिंबाऐवजी ग्लुकोजचे सिरप वापरतात, पण हेतू तोच.

प्रत्येक काचेला एक ठरावीक तापमान असते. त्याला काच-संक्रमण तापमान म्हणतात. त्याच्या खाली पदार्थ कडक राहतो, त्याच्या वर तो मऊ आणि चिकट होतो. कोरड्या साखरेच्या काचेसाठी हे तापमान ६० अंशांच्या थोडे वर असते. पण पाणी मुरले की ते झपाट्याने खाली येते. चार टक्के पाणी शिरले, तर ते साधारण तिशीच्या घरात उतरते. आता जुलै महिन्यातले बोरिवलीचे किंवा घाटकोपरचे घर डोळ्यांसमोर आणा. तापमान तिशीच्या आसपास आणि हवेतली सापेक्ष आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर. उघड्या बशीतली गोळी कागदाला का चिकटते, याचे उत्तर या दोन आकड्यांत आहे.

पर्यायांची परीक्षा

बिनसाखरेच्या गोळीसाठी बहुधा 'पॉलिऑल' या गटातील पदार्थ वापरतात. हे साखरेचेच नातेवाईक आहेत, पण आतड्यात पुरते पचत नाहीत. या प्रत्येकाला आपण एकच प्रश्न विचारू: तुमचे काच-संक्रमण तापमान किती?

झायलिटॉल साखरेइतकेच गोड आहे. त्याचे उत्तर मात्र 'शून्याखाली वीस-पंचवीस अंश' असे येते. एरिथ्रिटॉलचे तर त्याहून खाली. म्हणजे मुंबईच्या हवेत यांची काच टिकणे शक्यच नाही. दोन्ही पदार्थ निवताना स्फटिक होतात आणि नितळ गोळीऐवजी भुसभुशीत पांढरी वडी मिळते. जिभेवर दोन्ही थंडगार लागतात, कारण विरघळताना ते उष्णता शोषून घेतात. ग्लुकोजची पूड तोंडात टाकल्यावर लागणारा गारवा याच जातीचा. (घरात कुत्रा असेल तर झायलिटॉल आणूच नका. कुत्र्यांना ते विषारी आहे.)

सॉर्बिटॉलचे उत्तर शून्य अंशाच्या आसपास येते. शिवाय ते हवेतले पाणी अधाशासारखे ओढून घेते. कारखान्यात त्याच्या गोळ्या होतात, पण त्या काचेच्या नव्हेत. मुद्दाम बारीक स्फटिक घडवून त्या केलेल्या असतात.

माल्टिटॉलचे उत्तर ४५ ते ५० अंश. काच होते, गोडीही साखरेच्या जवळपास ९० टक्के. पण ते ओलावा लवकर धरते आणि इतर पॉलिऑलच्या मानाने रक्तातील साखर अधिक वाढवते.

आयसोमाल्टचे उत्तर सुमारे ६० अंश, म्हणजे साखरेच्या बरोबरीचे. गंमत अशी की, हा पदार्थ साखरेपासूनच करतात. साखरेच्या रेणूत ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यांना जोडणारा एक बंध असतो. जिवाणूंच्या विकराच्या साहाय्याने तो बंध सरकवून दुसऱ्या जागी नेतात आणि मग त्या रेणूला हायड्रोजन जोडतात. नवा बंध इतका चिवट असतो की तोंडातले जिवाणू तो सहजी तोडू शकत नाहीत आणि आतड्यातही तो थोडाच तुटतो. म्हणून दातांना धोका कमी आणि ऊर्जा साखरेच्या जवळपास निम्मी. शिवाय आयसोमाल्ट हे दोन वेगवेगळ्या रेणूंचे साधारण समसमान मिश्रण आहे. दोघे एकमेकांची रांग मोडतात, त्यामुळे लिंबाचे काम आपोआप होते. ओलावाही ते तुलनेने कमी धरते. उणीव एकच: गोडी साखरेच्या निम्मीच.

मुंबईच्या हवेत घरी गोळी करायची, तर निवड आयसोमाल्टचीच करावी, ती या कारणांसाठी.

दुकानातून काय आणावे, काय आणू नये

केक सजवण्याचे सामान विकणाऱ्या दुकानांत आयसोमाल्ट मिळते. रंगीत तयार खड्यांऐवजी पांढरे, साधे दाणे घ्या आणि पाकिटावर घटकांची यादी असल्याशिवाय घेऊ नका. यादीत कधी नावाऐवजी क्रमांक असतो. आयसोमाल्टचा क्रमांक ९५३. सॉर्बिटॉल ४२०, माल्टिटॉल ९६५, झायलिटॉल ९६७ आणि एरिथ्रिटॉल ९६८. हे क्रमांक वर्गाच्या फळ्यावर लिहून ठेवण्याजोगे आहेत.

चहात टाकायच्या गोड गोळ्या किंवा पुड्या यांनी गोळी होणार नाही. सुक्रालोज (९५५) साखरेच्या सुमारे ६०० पट गोड असते. आता हिशेब करा. २०० ग्रॅम आयसोमाल्टची गोडी १०० ग्रॅम साखरेइतकी. उरलेली १०० ग्रॅम साखरेची गोडी भरून काढायला सुक्रालोज लागेल १०० भागिले ६००, म्हणजे एक षष्ठांश ग्रॅम! एवढ्याशा चिमटीची काच कशी होणार? आणि घरच्या काट्यावर ती मोजणार कशी? म्हणून बाजारातल्या पुडीत बाकीचे वजन माल्टोडेक्स्ट्रिन किंवा लॅक्टोजने भरलेले असते. लॅक्टोज ही साखरच आहे. शिवाय सुक्रालोज तापवल्यास हानिकारक संयुगे तयार होण्याची शक्यता आहे. त्यामुळे भाजण्या-तळण्याच्या तापमानाला ते नेऊ नये, असा सल्ला जर्मनीच्या जोखीम-मूल्यांकन संस्थेने २०१९ मध्ये दिला. ॲस्पार्टेम (९५१) तर उष्णतेने मोडते आणि त्याची गोडीच जाते. आमची सूचना अशी की जास्तीची गोडी घालूच नये. थोडे सायट्रिक आम्ल आणि चांगला स्वाद असला की निम्मी गोडीही पुरते.

गूळ, मध आणि खजूर यांना 'बिनसाखरेचे' म्हणू नये. तिन्हींत साखर भरपूर असते.

लिंबाचा रस टाळा, कारण त्याबरोबर पाणी येते. खाद्य प्रतीचे सायट्रिक आम्ल घ्या. मात्र आम्ल दातांचे कवच झिजवते, मग गोळीत साखर असो वा नसो. तेव्हा ते बेतानेच घालावे.

साचे सिलिकॉनचे आणि २०० अंश सहन करणारे घ्या. चॉकलेटचे प्लॅस्टिकचे साचे वितळतील किंवा वाकतील. तापमापी स्वयंपाकाची, पोलादी कांडीची असावी. उकळत्या पाण्यात ती १०० अंश दाखवते का ते आधी तपासा. मुंबई समुद्रसपाटीला असल्याने हा ताळा इथे चांगला जमतो. ती ९८ दाखवत असेल, तर पुढच्या प्रत्येक मोजणीत २ अंश मिळवा.

शिक्षकांना एक आग्रहाची विनंती. शाळेच्या प्रयोगशाळेतील पाऱ्याची तापमापी, चंचुपात्रे आणि रसायनांच्या बाटल्या यांपैकी काहीही या कामी वापरू नका. बाटलीवर सायट्रिक आम्ल लिहिलेले असले, तरी ते खाण्याच्या प्रतीचे नसते.

करण्याची रीत

जाड बुडाच्या लहान पातेल्यात २०० ग्रॅम आयसोमाल्ट आणि तीन मोठे चमचे पाणी घ्या. बोअरवेलचे दुष्फेन पाणी नको, त्याने पिवळट झाक येऊ शकते. मध्यम आचेवर तापमान १६५ ते १७० अंशांपर्यंत न्या. साखर या तापमानाला तांबूस होऊ लागते, आयसोमाल्ट मात्र नितळ राहते. आच बंद करून बुडबुडे विरू द्या. मग अर्धा छोटा चमचा सायट्रिक आम्ल, खाद्य रंग आणि स्वाद घाला. स्वाद आधी घातला तर उडून जातो आणि पाण्यातला रंग गरम पाकात एकदम ओतला तर पाक उसळतो. साच्यात ओतून निवू द्या आणि निवताच घट्ट झाकणाच्या डब्यात भरा.

हा पाक उकळत्या पाण्याहून कितीतरी अधिक गरम असतो आणि कातडीला चिकटून बसतो. म्हणून ओतण्याचे काम मोठ्यांनीच करावे. भाजल्यास लगेच वाहत्या गार पाण्याखाली हात धरावा.

वर्गासाठी एक सोपा प्रयोग सुचतो. पावसाळ्यात साखरेची एक गोळी आणि आयसोमाल्टची एक गोळी उघड्या बशांत ठेवा, तिसरी कोणतीही एक बंद डब्यात. आठवडाभर रोज एका वेळी वजन करा आणि आलेख काढा. कोणती गोळी किती पाणी ओढते ते मुलांना आकड्यांत दिसेल.

'शुगर फ्री' म्हणजे काय, आणि काय नव्हे

भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाच्या २०१८ च्या नियमांनुसार १०० ग्रॅम पदार्थात शर्करा अर्ध्या ग्रॅमपेक्षा जास्त नसेल, तरच 'शुगर फ्री' म्हणता येते. 'ऊर्जा नाही' असा त्याचा अर्थ होत नाही. आयसोमाल्टच्या प्रत्येक ग्रॅमला सुमारे २ किलोकॅलरी मिळतातच. न पचलेले पॉलिऑल मोठ्या आतड्यात पाणी ओढून घेते आणि तिथले जिवाणू त्यापासून वायू करतात. एका बैठकीत मूठभर गोळ्या खाल्ल्या तर पोट बिघडते. लहान मुलांचे त्याहून कमी गोळ्यांत बिघडते. मेळाव्यातल्या बरणीवर ही सूचना लिहिलेली असावी. अगदी लहान मुलांना तर कोणतीच कडक गोळी देऊ नये, घशात अडकण्याचा धोका असतो.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. वर्गात इन्शुलिन घेणारे एखादे मूल असते. त्याला मधुमेह आहे म्हणून शिक्षक प्रेमाने बिनसाखरेच्या गोळ्या टेबलाच्या खणात ठेवतात. पण खेळाच्या तासानंतर किंवा डबा खायला उशीर झाला म्हणून त्याची रक्तशर्करा एकदम उतरली, त्याला घाम फुटला, हात थरथरू लागले, तर त्या क्षणी औषध असते ती साखरच. ग्लुकोजची पूड, साखरेचे पाणी किंवा फळांचा गोड रस यांपैकी काहीतरी तत्काळ द्यायला हवे. किती द्यायचे ते पालकांकडून आणि डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्यावे. मूल बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही न घालता तातडीने वैद्यकीय मदत बोलवावी. शुद्धीवरच्या मुलालाही अशा वेळी आयसोमाल्टची गोळी दिली तर जीभ गोड होईल, रक्तात मात्र जवळपास काहीच पोहोचणार नाही. ज्या गुणासाठी आपण ती गोळी केली, तोच गुण त्या वेळी घातक ठरेल.

म्हणून खणात दोन डबे असावेत. एकावर ठळक अक्षरांत 'बिनसाखरेच्या गोळ्या' असे लिहावे आणि दुसऱ्यावर 'ग्लुकोज: तातडीसाठी' असे. आणि कोणत्या वेळी कोणता डबा उघडायचा, हे वर्गातल्या प्रत्येक मुलाला ठाऊक असावे.