क्युसेक नको, फूट सांगा

‘धरणातून ३५ हजार क्युसेकने विसर्ग सुरू, असा मेसेज आला. मग मी झोपू, की खालच्या फळीवरचा माल वर चढवू?’ पुण्यात सिंहगड रस्त्यावर स्टेशनरी आणि झेरॉक्सचं दुकान चालवणाऱ्या एका वाचकाचा हा प्रश्न. आपत्ती व्यवस्थापनाच्या जाडजूड आराखड्यांत ‘लवचिक’, ‘सर्वसमावेशक’, ‘बहुआयामी’ असं पुष्कळ काही असतं. हा प्रश्न आणि त्याचं उत्तर मात्र सापडत नाही.

संदर्भ अर्थातच २५ जुलै २०२४ च्या पहाटेचा. आदल्या रात्री घाटमाथ्यावर आणि शहरातही धो धो पाऊस पडला. खडकवासल्याचा विसर्ग वाढत वाढत ३५ हजार क्युसेकच्या वर गेला आणि सिंहगड रस्त्यालगतच्या एकतानगरीत लोक जागे झाले तेव्हा तळमजल्यांत पाणी शिरलेलं होतं. कोणी कोणाला किती वाजता कळवलं, यावर जलसंपदा विभाग आणि महापालिका यांच्यात मग रीतसर वाद झाला. त्याच पहाटे डेक्कनजवळच्या पुलाची वाडी इथे आपली अंडाभुर्जीची गाडी पाण्यातून हलवायला गेलेले तिघे विजेच्या धक्क्याने दगावले. पुरात छोटा व्यावसायिक कसा सापडतो, हे यातून दिसतं. पाणी आल्यावर तो माल वाचवायला धावतो, कारण पाणी येण्याआधी धावावं असं त्याला पटेल अशा भाषेत कोणी सांगितलेलंच नसतं.

एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण २८ लिटर. ३५ हजार क्युसेक म्हणजे दर सेकंदाला दहा हजार लिटरचे ९९ टँकर. ऐकून छाती दडपते, पण दुकानाच्या पायरीला पाणी लागणार की नाही हे त्यातून कळत नाही. विसर्ग हे धरणावर बसलेल्या माणसाचं माप आहे. त्याला दरवाजे किती उचलायचे ते ठरवायचं असतं. काठावरच्या माणसाला हवी असते पाण्याची उंची, आणि ती यायला उरलेला वेळ.

आता जरा दक्षिणेकडे चला. कोल्हापुरात पावसाळ्यात कोणालाही विचारा, उत्तर फुटांतच येईल. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. सांगलीत आयर्विन पुलापाशी इशारा ४० वर, धोका ४५ वर. किती फुटांना कुठल्या गल्लीच्या तोंडाशी पाणी येतं, हे तिथल्या व्यापाऱ्याला पाठ असतं. नाशिककरांचा तर दुतोंड्या मारुती आहे. पाणी त्याच्या गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं, यावर गोदाकाठचा बाजार आवराआवर करतो. यात विज्ञान कमी आणि भाबडेपणा जास्त, असं समजू नका. नदीच्या एका ठरलेल्या जागी पाण्याची पातळी वाचायची आणि वर्षानुवर्षांच्या अनुभवाने ती आपल्या उंबऱ्याशी जोडायची, हे जलविज्ञानच आहे. अर्थात फुटांची भाषाही सर्वज्ञ नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत पाणी ५७ फुटांच्या वर गेलं आणि जुन्या पुरांवर बेतलेले सगळ्यांचे अंदाज चुकले.

पुण्यातही ही परंपरा अगदीच नाही असं नाही. ‘भिडे पूल पाण्याखाली गेला’ ही दर पावसाळ्यातली बातमी म्हणजे पुणेरी पातळीमापकच. पण तो पूल इतका बुटका की थोड्याशा विसर्गानेही बुडतो. त्याच्या पुढच्या पट्ट्या कुठे आहेत?

पुण्याची जीभ क्युसेकवर अडकली याला भूगोल कारणीभूत आहे. पानशेत १०.६५ टीएमसी (म्हणजे अब्ज घनफूट), वरसगाव १२.८२, टेमघर ३.७१, आणि या तिघांच्या खाली, शहराच्या उशाशी असलेलं खडकवासला अवघं १.९७. हे भरलेलं असताना वरून ३५ हजार क्युसेक येऊ लागले, तर आलेलं पाणी पुढे सोडण्यावाचून गत्यंतर नाही. ते पूर्ण रिकामं आहे असं धरलं, तरी याच वेगाने साडेपंधरा तासांत काठोकाठ भरेल. ‘आधीच का सोडलं नाही?’ हा प्रश्न दर वर्षी विचारला जातो आणि तो विचारलाही पाहिजे, पण उत्तर या चिमुकल्या आकड्यात बरंचसं दडलेलं आहे.

मग क्युसेकचे फूट करायचे कसे? नदीच्या एका ठिकाणी विसर्ग आणि पातळी बरोबरीने मोजत गेलं की दोघांचा आलेख तयार होतो. हिशेबासाठी मॅनिंगचं सूत्र अभियांत्रिकीच्या प्रत्येक विद्यार्थ्याने घोकलेलं असतं. (आयर्लंडच्या या रॉबर्ट मॅनिंगला स्वतःला ते सूत्र फारसं पसंत नव्हतं, त्याने दुसरं, अधिक किचकट सूत्र पुढे केलं होतं. आणि साधारण तेच नातं फ्रान्सच्या गोक्लेरने १८६७ मध्येच मांडलं होतं. नाव मात्र मॅनिंगचं लागलं!) रुंद पात्रासाठी ते सांगतं की विसर्ग दुप्पट झाला तर खोली दुप्पट होत नाही, सुमारे दीडपट होते. ही झाली दिलासा देणारी बाजू. दुसरी बाजू अशी, की विसर्ग तोच ठेवून पात्र पाव हिश्शाने आवळलं, तर १२ फुटांवर वाहणारं पाणी सव्वाचौदा फुटांवर जातं. हे सव्वादोन फूट म्हणजे दुकानातल्या खालच्या दोन फळ्या. भराव, राडारोडा, पुलांचे खांब, पात्रातली झाडीझुडपं या सगळ्यांची किंमत या दोन फळ्यांत मोजायची.

पुण्यातून वाहणाऱ्या मुठेची निळी पूररेषा ६० हजार क्युसेकला आणि लाल पूररेषा एक लाखाला आखलेली आहे. मग ३५ हजारांना घरात पाणी कसं? एक कारण, धरणाच्या भिंतीवर मोजलेले ३५ हजार हे एकतानगरीपाशी ३५ हजार राहत नाहीत. मधल्या ओढ्यानाल्यांचं आणि शहरावर पडलेल्या पावसाचं पाणी त्यात येऊन मिळतं. दुसरं कारण वरच्या परिच्छेदात आलंच. रेषा कागदावर जिथे होती तिथेच राहते, पात्र मात्र बदलत जातं. माझ्या मते वादाचा विषय ‘कोणी कळवलं नाही’ हा नसून ‘आलेख शेवटचा कधी तपासला’ हा असायला हवा.

लाल रेषेच्या त्या एक लाखाशी जोडून एक गोष्ट सांगायचा मोह आवरत नाही. सह्याद्रीत उगम पावणाऱ्या, पंख्यासारख्या पसरलेल्या पाणलोटांतून जास्तीत जास्त किती पूर येऊ शकतो, याचं एक सूत्र मुंबई इलाख्यातले अभियंते क्लॉड इंग्लिस यांनी १९३० च्या सुमारास मांडलं. मोठ्या पाणलोटासाठी ते जवळजवळ क्षेत्रफळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात चालतं. पाणलोट चौपट झाला तर पूर दुप्पट. खडकवासल्याचा पाणलोट सुमारे पाचशे चौरस किलोमीटर. हा आकडा सूत्रात घातला की उत्तर येतं सुमारे ९७ हजार क्युसेक! शंभरएक वर्षांपूर्वीचं, पाटी-पेन्सिलीवर सुटणारं गणित आजच्या लाल रेषेला जाऊन खेटतं. त्याच काळात पावसाचं किती पाणी नदीत उतरतं याचीही दोन सूत्रं निघाली, घाटासाठी वेगळं आणि दख्खनच्या पठारासाठी वेगळं. ती इंग्लिस आणि डिसोझा अशा जोडनावाने पाठ्यपुस्तकांत आहेत. पश्चिम भारतात ५३ ठिकाणी नद्यांचे प्रवाह काळजीपूर्वक मोजून ती काढली गेली. इंग्लिस पुढे पुण्याच्या जलसंशोधन केंद्राचे संचालक झाले, ‘सर’ झाले, इंग्लंडला परतल्यावर तिथल्या वॉलिंगफर्डच्या संस्थेचे प्रमुखही झाले. डिसोझा मात्र सूत्राच्या शेपटाला चिकटलेलं आडनाव होऊन राहिले. आणि त्या ५३ ठिकाणी भर पावसात पट्ट्या वाचणाऱ्यांची तर आडनावंही उरली नाहीत. पूर-अंदाजाच्या नव्या ‘स्मार्ट’ प्रणालींचं कौतुक सुरू झालं की मला ही माणसं आठवतात. प्रणाली कितीही हुशार असो, तिला कोणीतरी मोजलेली पातळी भरवावी लागते.

पुण्याला सर्वांत मोठा धडा मिळाला तो मात्र या कुठल्याच सूत्रात न बसणारा. १२ जुलै १९६१ रोजी बांधकाम पुरतं न झालेलं पानशेत धरण सकाळी फुटलं आणि काही तासांत त्या लोंढ्याने खडकवासलाही फोडलं. रात्रभर वाळूची पोती रचणाऱ्या जवानांमुळे पानशेतचं फुटणं उजाडेपर्यंत लांबलं, म्हणून मनुष्यहानी त्या मानाने आटोक्यात राहिली. इथेही जीव वाचवले ते तासांनी. पण ज्या तलावातून शहर पाणी प्यायचं तोच फुटल्याने पूर ओसरल्यावर प्यायला पाणी नाही, अशी गत झाली. सावरण्याच्या कामासाठी सरकारने स. गो. बर्वे यांना पुण्यात आणलं. दहा वर्षांपूर्वी ते इथेच महापालिका आयुक्त होते. गल्ल्या, नळ, माणसं त्यांच्या ओळखीची होती. आपत्तीनंतर बाहेरून सल्लागार नेमायची आजची रीत पाहिली की ही निवड फार शहाणपणाची वाटते. गोखलेनगर, सहकारनगर, लोकमान्यनगर या वसाहतींच्या इतिहासात पानशेत आहेच. घरं उभी राहिली त्याची नोंद सापडते, पण पेठांतली वाहून गेलेली दुकानं कशी पुन्हा उघडली, हे कोणी नीट लिहून ठेवलेलं माझ्या वाचनात नाही.

त्या वाचकाला उत्तर द्यायचं तर आधी एक हिशेब. निळी रेषा म्हणजे २५ वर्षांतून एकदा येईल असा पूर. यावरून ‘नुकताच आला, आता पंचवीस वर्षं निवांत’ असं बरेच जण धरून चालतात. खरा अर्थ एवढाच की दर वर्षी शक्यता चार टक्के. दुकानावर दहा वर्षांचं कर्ज काढलं असेल, तर ते फिटायच्या आत असा पूर एकदा तरी येण्याची शक्यता ३४ टक्के निघते. तीस वर्षांत ती ७१ टक्क्यांवर जाते. एवढ्या जोखमीवर बँक कर्ज देते आणि आपण घेतो, ते बहुधा दोघांनीही हा गुणाकार केलेला नसतो म्हणून.

तेव्हा गेल्या वेळचं पाणी पायरीपासून किती इंच चढलं होतं ते भिंतीवर रंगवून ठेवा, आणि विजेचा बोर्ड, यूपीएस, झेरॉक्स मशिनचं स्टँड त्या खुणेच्या वर न्या. माल उचलायला किती माणसं आणि किती वेळ लागतो, हे पावसाळ्याआधी एकदा करून पाहा. दोन तास लागत असतील तर तासाभराचा इशारा तुमच्या कामाचा नाही. उधारीची वही आणि साठ्याची नोंद यांचे फोटो दुकानाबाहेर कुठेतरी साठवा. २०२१ मध्ये चिपळूण-महाडच्या महापुरानंतर राज्य सरकारने दुकानदारांना नुकसानीच्या ७५ टक्के, पण जास्तीत जास्त ५० हजार, आणि टपरीधारकांना १० हजारांपर्यंत मदत जाहीर केली. तीही पंचनाम्यावर. चिखल झालेल्या कागदाच्या रिमांची संख्या तलाठ्याला कशी दाखवणार? विम्याचं म्हणाल, तर ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी २०२१ पासून आहे. पाच कोटींपर्यंतच्या मालमत्तेसाठी, आणि पूर त्यात येतो. तुमच्या शेजारच्या पाच दुकानदारांना विचारून पाहा, किती जणांनी तिचं नाव ऐकलंय.

सरकारकडून हवं आहे ते याहून स्वस्त. नदीकाठच्या विजेच्या खांबांवर रंगीत पट्टे: इतक्या विसर्गाला पाणी इथे, इतक्याला इथे. दर पावसाळ्यानंतर ते तपासायचे, चुकले तर सरकवायचे, आणि मेसेजमध्ये क्युसेकसोबत पट्ट्याचा रंग आणि अपेक्षित वेळ लिहायची.

यातही एक भोक राहतंच. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रजच्या बाजूला कोसळलेल्या पावसाने आंबिल ओढा फुगला, अरण्येश्वर-सहकारनगर भागात भिंती पडल्या आणि वीसहून अधिक माणसं गेली. त्या ओढ्यावर ना मोठं धरण, ना दरवाजे, ना विसर्गाचा मेसेज. पाणलोट एवढा लहान की इशाऱ्याचा वेळ मिनिटांत मोजावा लागतो. ओढ्याकाठच्या दुकानदाराला फुटांचे पट्टेही उशिराच कळणार. त्याच्या उपयोगाचा आकडा म्हणजे डोंगरावर गेल्या पंधरा मिनिटांत किती मिलिमीटर पडला. आपल्याकडे पेपरात छापून येतो तो पाऊस सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ असा मोजलेला असतो.