नटाचे आठ फेरे

आमच्या मिशिगनमधल्या घराच्या गॅरेजात १९९० सालची एक माझदा मियाटा उभी आहे. दोन माणसांची, छप्पर मागे पडणारी, जेमतेम एका टनाची गाडी. हिरोशिमात तयार होणारी ही गाडी जगाने पहिल्यांदा पाहिली ती १९८९च्या फेब्रुवारीत, शिकागोच्या प्रदर्शनात. तिचे प्रकल्पप्रमुख तोशिहिको हिराई यांनी घोडा आणि स्वार एकजीव व्हावेत ही जुनी जपानी कल्पना समोर ठेवून ती बेतली होती. मी ती तिसऱ्या-चौथ्या हाताने घेतली आणि गेल्या वर्षी मुलीने, मला परवाना मिळाला आता ही मी चालवणार, असे जाहीर केले. हा लेख त्या घोषणेतून निघाला आहे.

गाडी तिच्या हाती देण्यापूर्वी मी चारही चाके उतरवली. पहिल्या चाकाचा नट पान्याने सैल केला आणि पुढे हाताने फिरवताना सहज फेरे मोजले. साडेपाच फेऱ्यांत नट हातात आला. दुसराही तसाच. चाक काढल्यावर कारण दिसले. आधीच्या मालकाने रुंद अलॉय चाके घातली होती आणि ती आतल्या सस्पेन्शनला घासू नयेत म्हणून चाक आणि डिस्क यांच्यामध्ये ५ मिलिमीटर जाडीची ॲल्युमिनियमची चकती बसवली होती. चाक तेवढे बाहेर आले, हबमधून निघणारे स्टड मात्र होते तेवढेच राहिले.

मुंबईच्या टॅक्सीवाल्यांना यातला एक भेद पूर्वीपासून ठाऊक असणार. कुर्ल्याला बनणाऱ्या प्रीमियर पद्मिनीच्या चाकांना बोल्ट असत. स्टेपनी लावताना चाक पायाच्या चवड्यावर तोलून भोकासमोर भोक आणावे लागे. ॲम्बॅसडरच्या हबमधून स्टड बाहेर आलेले असत. चाक त्यांवर अडकवायचे आणि नट पिळायचे. जपानी गाड्याही बहुतेक स्टडवाल्या. स्टड म्हणजे बिनपान्याचा बोल्ट. त्याच्या मुळाशी बारीक उभ्या दातऱ्या असतात, त्या हबच्या भोकात घट्ट दाबून बसवलेल्या असतात, म्हणून नट आवळताना तो जागच्या जागी फिरत नाही.

आपल्याला वाटते की चाकाचा भार या चार सळ्यांवर टांगलेला असतो. बैलगाडीच्या आसाच्या टोकाला खीळ असते, ती निघाली की चाक निघाले, हे चित्र आपल्या डोक्यात पक्के असते. मोटारीत तसे नाही. नट आवळला की स्टड ताणला जातो आणि रबराच्या पट्ट्यासारखा आखडू पाहतो. त्या आखडण्यामुळे चाक हबवर दाबले जाते आणि दाबलेल्या दोन पृष्ठांमधले घर्षण चाक धरून ठेवते. स्टड हा मुळात स्प्रिंग आहे.

आकडे पाहू. या गाडीचे स्टड १२ मिलिमीटर व्यासाचे, आट्यांतले अंतर दीड मिलिमीटर. माहितीपुस्तकात नट ८८ ते ११८ न्यूटन-मीटर आवळायला सांगितले आहेत. ११० धरले आणि आवळण्यातली बरीचशी शक्ती घर्षणात जाते हे गृहीत धरून नेहमीच्या ठोकताळ्याने हिशेब केला, तर एका स्टडमध्ये सुमारे ४६ हजार न्यूटन ताण येतो, म्हणजे साडेचार टनांहून जास्त. चार स्टड मिळून अठरा टनांच्या वर. घर्षणांक अवघा ०.१५ धरला तरी ते चाक पावणेतीन टनांचा आडवा जोर पेलते. त्या चाकावर प्रत्यक्षात पाव टनाच्या आसपास वजन असते. आणि एवढ्यासाठी स्टड किती ताणला जातो? जेमतेम सहा शतांश मिलिमीटर, माणसाच्या केसाएवढा. म्हणूनच चकतीखाली गंज वा रंगाचा पापुद्रा राहिला आणि तो नंतर दोन शतांश मिलिमीटर दबला, तर एक तृतीयांश पकड गेली. चाक बसवल्यावर थोडे अंतर चालवून नट पुन्हा तपासायचे ते यासाठी.

एवढा ताण पेलणारे आटे पुरेसे हवेत. यंत्रशाळेतला जुना नियम असा की नट आणि स्टडचे आटे निदान स्टडच्या व्यासाइतक्या लांबीत एकमेकांत गुंतलेले असावेत. अमेरिकेतल्या ड्रॅग शर्यतींच्या नियमावलीतही हीच अट आहे. १२ मिलिमीटरला दीडने भागा, आठ फेरे. माझे साडेपाच, म्हणजे सव्वाआठ मिलिमीटर. चकती काढली तर पावणेनऊ फेरे भरत होते. मूळ कारखान्याने हिशेब नेमका केला होता, त्यात ५ मिलिमीटर उधळायला जागा नव्हती.

चकती काढून टाकणे हा सर्वांत शहाणा उपाय. पण मग टायर घासत होता आणि चाके बदलायची तर खर्च वाढत होता. म्हणून लांब स्टड. बाजारात ते मुळापेक्षा थोडे लांब ते इंचभर लांब असे मिळतात. शर्यतीतली मंडळी लांबात लांब, टोकाला निमुळते घेतात, कारण त्यांना नट झटपट चढवायचा असतो. मलाही प्रथम तेच घ्यावेसे वाटले, कबूल करतो. पण नटाच्या पलीकडे बाहेर आलेला स्टड पकडीत काहीच भर घालत नाही, तो फक्त दिसतो. ताण असतो तो हबपासून नटापर्यंतच्या भागात. उलट टोपीवाला बंद नट वापरला तर फार लांब स्टडचे टोक टोपीच्या तळाला टेकते. मग टॉर्क पाना इमानाने टक् करतो, आपण समाधानाने उठतो आणि चाक मात्र नीट दाबलेलेच नसते. आखूड स्टडपेक्षा हे वाईट, कारण ते फेरे मोजून कळत नाही. मी १० मिलिमीटर जास्त लांबीचे घेतले आणि नट दोन्ही बाजूंनी उघडे, म्हणजे टोक डोळ्यांना दिसते.

लांबीपेक्षा जास्त वेळ खाल्ला दातऱ्यांच्या व्यासाने. आटे जुळले म्हणून स्टड जुळला असे होत नाही. दातऱ्या काही दशांश मिलिमीटर बारीक असल्या तर स्टड भोकात गरगर फिरतो आणि अर्धा आवळलेला नट ना पुढे जातो ना मागे. जाड असल्या तर जुन्या हबला तडा जाण्याची भीती. एका दुकानाने ‘सगळ्या माझदांना चालतात’ म्हणून दिलेले स्टड मी कॅलिपर लावून परत केले. जुना स्टड ठोकून काढायचा, त्याच्या दातऱ्या मोजायच्या, आणि मगच मागणी नोंदवायची, हा क्रम मला परतीचा टपालखर्च भरून उमगला.

बसवण्याच्या पद्धतीवर मिस्त्री लोकांत वाद आहेत. नटाखाली वॉशर घालून स्टड ओढून घेतात, पण त्याने नवे आटे बसवण्याआधीच थकतात. मी हब उतरवून दाबयंत्राखाली नेले. त्या वेळी चकतीही बदलली. जुनीला मध्ये कडा नव्हती. या हबच्या मधल्या उंचवट्याचा व्यास ५४.१ मिलिमीटर आहे. चाक त्यावर बसून मध्यात येते. चकतीने तो झाकला की चाक मध्यात आणायचे काम नटांच्या निमुळत्या तोंडांवर येते आणि हायवेवर स्टिअरिंग थरथरते. नव्या चकतीला स्वतःचा उंचवटा आहे.

शेवटचे चाक मुलीने चढवले. नट तिने हाताने फिरवले, मोठ्याने, मराठीत मोजत. बाराव्या फेऱ्याला नट टेकला, पुढे टॉर्क पाना. ऐंशी किलोमीटर चालवून आल्यावर तिने पुन्हा पाना लावला तेव्हा डावीकडचा पुढचा एक नट किंचित हलला. उरलेले पंधरा हलले नाहीत.