वेगळी चूल, वेगळे घर

थोरल्याचे लग्न झाले, पाठोपाठ धाकट्याचे झाले, घरात माणसे मावेनाशी झाली, की आपल्याकडे पडवीत नाहीतर परसातल्या खोलीत दुसरी चूल मांडतात. आड तोच, अंगण तेच; पण चुली दोन झाल्या की गावाच्या लेखी घरे दोन झाली. आपली जनगणनासुद्धा कुटुंब मोजते ते बहुतेक याच मापाने. एका स्वयंपाकात जेवतात ते एक कुटुंब.

आपण म्हणाल, यात नवीन ते काय? नवीन एवढेच, की अमेरिकेतल्या लॉस एंजेलिस शहरात याच चुलीवरून कायदा पुष्कळ वर्षे अडून बसला होता. तिथल्या जुन्या नगर-नियमांत राहत्या घराची व्याख्या अशी होती : दोन किंवा अधिक खोल्या, आणि त्यांतली एक स्वयंपाकघर. म्हणजे परसात खोली बांधून खाट टाकली तर ती नुसती खोली. तिथे शेगडी आणि मोरी आली की झाले दुसरे घर! आणि दुसऱ्या घराला तर त्या वस्तीत मनाई.

ही मनाई कुठून आली? शहराच्या जमिनीचे भाग पाडायचे आणि कोणत्या भागात काय बांधावे हे ठरवून द्यायचे, याला तिकडे झोनिंग म्हणतात. आपण क्षेत्र-विभागणी म्हणू. हेतू वाईट नव्हता. राहत्या घराशेजारी चामड्याचा कारखाना कोणाला हवा असतो? पण पुढे नियम कारखान्यावर थांबला नाही. कॅलिफोर्निया राज्यातल्या बर्कली शहराने १९१६ साली ‘एका जागेवर एकच घर’ असा स्वतंत्र विभाग निर्माण केला. १९२६ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने युक्लिड गावच्या खटल्यात झोनिंग वैध ठरवले, आणि ही पद्धत देशभर पसरली.

कागदावर एक घर; पण माणसे थोडीच कागदावर राहतात? लॉस एंजेलिसमध्ये घरभाडी वाढत गेली, कामासाठी आलेली गरीब कुटुंबे मोटारीच्या गॅरेजात राहू लागली. १९८७ साली तिथल्या ‘लॉस एंजेलिस टाइम्स’ या वृत्तपत्राने अंदाज केला, तेव्हा त्या जिल्ह्यात सुमारे ४२ हजार गॅरेजांत सुमारे २ लाख माणसे राहत असल्याचे निघाले. परवाना नाही, म्हणून तपासणी नाही. तपासणी नाही, म्हणून विजेची तार उघडी की झाकलेली, खिडकी आहे की नाही, हे बघणारे कोणी नाही. तक्रार करावी तर राहते छप्परच जायचे. नियमाने घर थांबले नाही, मंडळी. घराची सुरक्षितता तेवढी थांबली.

व्याख्या किती खोल जाते पहा. ओहायो राज्यात ईस्ट क्लीव्हलँड नावाचे शहर आहे. तिथल्या नियमाने घराची नव्हे, तर ‘कुटुंब’ या शब्दाचीच व्याख्या फार आवळून केली होती. इनेझ मूर या आजीबाई आपला मुलगा आणि दोन नातू यांच्यासह राहत. नातू एकमेकांचे सख्खे नव्हेत, चुलत भाऊ. त्यांतल्या एकाची आई वारलेली. नगरपालिकेने सांगितले, चुलत नातू तुमच्या कुटुंबात बसत नाही, त्याला घराबाहेर काढा. आजीने ऐकले नाही. शिक्षा झाली पाच दिवस कैद आणि २५ डॉलर दंड! शेवटी १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने तो नियम रद्द ठरवला. आजी, काका, चुलत भावंडे यांनी एका छपराखाली राहणे ही जुनी आणि मानाची रीत आहे, असा त्या निकालाचा आशय.

आता कॅलिफोर्नियाकडे परत येऊ. २०१६ साली राज्याने कायदे केले, ते १ जानेवारी २०१७ पासून लागू झाले. २०१९ साली ते आणखी मोकळे केले. मुख्य घराच्या जागेवरच्या जोड-घराची व्याख्या आता राज्याने ठरवली आहे : राहणे, झोपणे, जेवणे, रांधणे आणि स्नान-शौच या पाचही गोष्टींची कायमची सोय असलेले स्वतंत्र घर. ते मुख्य घराला चिकटून असो, अलग असो, की जुन्या गॅरेजाचे केलेले असो. त्याचा धाकटा प्रकारही आहे. मुख्य घराच्या भिंतींच्या आतच, ५०० चौरस फुटांपर्यंत, वेगळे दार आणि छोटे स्वयंपाकघर असलेला. त्याचे स्नानगृह मुख्य घराशी सामाईक असले तरी चालते.

नियमही मोजून दिले आहेत. बाजूला आणि मागे चार चार फूट सामासिक अंतर सोडून ८०० चौरस फुटांचे जोड-घर बांधायचे असेल, तर नगरपालिकेने आडवे येऊ नये. जागेवर आधीचे घर असेल तर पूर्ण भरलेल्या अर्जाचा निकाल ६० दिवसांत लावावा, आणि शेजाऱ्यांची सुनावणी घेऊ नये. नियमात बसते की नाही एवढेच पाहावे. सार्वजनिक वाहन अर्ध्या मैलाच्या आत असेल तर मोटारीसाठी जागा राखण्याची सक्ती नाही.

विरोध करणाऱ्यांचे म्हणणेही अगदीच पोकळ नाही. माणसे वाढली की पाणी, मैलापाणी आणि रस्ता यांवर ताण येतोच. शिवाय बांधकामाला पैसा लागतो, त्यामुळे ज्याच्याकडे जमीन आहे त्याचाच लाभ आधी होतो. गॅरेजात राहणारे भाडेकरू एका कायद्याने घरमालक होत नाहीत. पण लपून राहण्यापेक्षा तपासलेल्या घरात राहणे बरे, हे तर खरे ना?

म्हणून शिक्षक बंधु-भगिनींना एक सुचवतो. वर्गात मुलांना विचारा, घर म्हणजे काय? भिंती, दार, चूल, माणसे अशी नाना उत्तरे येतील. मग एकेक उत्तर घेऊन विचारा, ‘हीच व्याख्या कायद्यात लिहिली, तर आपल्या गावातले कोण घराबाहेर पडेल?’ गावात नवा नियम आला तर मोठ्यांनीही दंडाचा आकडा मागाहून पाहावा. आधी पहिल्या पानावरच्या व्याख्या वाचाव्यात. कोण आत आणि कोण बाहेर, हे तिथेच ठरलेले असते.