गाण्यांतून पिकलेली कॉफी

दूरदेशींच्या गरीब शेतकऱ्यांस साह्य करावें म्हणून कलावंतांनीं पुढें सरसावण्याची रीत पश्चिमेकडे आतां चांगलीच रुळली आहे. कोणी जलसा करितो, कोणी चित्रें विकतो, आणि जमलेली रक्कम आफ्रिकेस रवाना होते. हेतु चांगला, यांत शंका नाहीं. परंतु देणाऱ्याचा हात वर आणि घेणाऱ्याचा खालीं, ही गोष्ट त्यांत कांहीं केल्या सुटत नाहीं. म्हणूनच पूर्व आफ्रिकेंतील युगांडा देशांत कला व कॉफी यांचा जो निराळा मेळ जमला, त्याची हकीकत वाचकांपुढें ठेवावीशी आम्हांस वाटली. तेथें गाणारा व पिकविणारा एकच आहे.

युगांडाच्या पूर्व सीमेवर माउंट एल्गन नांवाचा विझलेला ज्वालामुखी पर्वत उभा आहे. त्याच्या परिसरांत म्बाले हें शहर व भोंवतालीं लहान लहान खेडीं वसलीं आहेत. माती कसदार, हवा थंड. त्यामुळें अरबिका जातीची उत्तम कॉफी येथें होते. शेतें मात्र तुकड्यांचीं. कॉफीचें काम मोठें चिकाटीचें असतें. झाडावरचीं सगळीं फळें एकदम पिकत नाहींत. म्हणून लाल झालेलीं तेवढींच हातानें वेचावीं लागतात. मग साल व गर काढून बिया आंबवावयाच्या, धुवावयाच्या आणि उन्हांत वाळवावयाच्या. घाईनें हिरवीं फळें ओरबाडलीं, तर साऱ्या मालाची चव बिघडते. परंतु घाई करूं नको, असें शेतकऱ्यास सांगावयाचें कोणत्या तोंडानें? देशोदेशींच्या कॉफीचा वांटा ठरविणारा आंतरराष्ट्रीय करार 1989 सालीं कोलमडला, आणि 2001 सालीं जागतिक बाजारांत एका पौंडाचा भाव अर्ध्या डॉलरच्याही खालीं घसरला. दारीं आलेला दलाल देईल तें मुकाट्यानें घ्यावें, एवढेंच लहान शेतकऱ्याच्या हातीं उरलें.

याच भागांत ‘अबायुदाया’ हा ज्यू धर्म पाळणारा आफ्रिकी समाज राहतो. सेमेइ काकुंगुलु नांवाच्या सरदारानें 1919 सालीं तो धर्म आपण होऊन स्वीकारला, तेथून या समाजाची परंपरा. 1972 सालीं भारतीयांस देशाबाहेर घालविणारा इदी अमीन आमच्या वाचकांस ठाऊकच आहे; त्याच्या अमदानींत या लोकांच्या उपासनेवरही बंदी होती. जे. जे. केकी हे या समाजांतील एक कॉफी-शेतकरी आणि गवई. 11 सप्टेंबर 2001 रोजीं ते न्यूयॉर्कमध्यें होते, आणि वर्ल्ड ट्रेड सेंटरचा तो संहार त्यांनीं समक्ष पाहिला. धर्माच्या नांवावर माणसें काय करूं शकतात हें पाहून परतलेल्या या गृहस्थानें व्याख्यानें दिलीं नाहींत. तो ज्यू, मुसलमान व ख्रिस्ती शेजाऱ्यांच्या दारोदार हिंडला, आणि 2004 सालीं तिघांची मिळून सहकारी संस्था उभी राहिली. तिचें नांव ‘मिरेम्बे कावोमेरा’. लुगांडा भाषेंत याचा अर्थ ‘गोड शांति’.

कॅलिफोर्नियांतील फोर्ट ब्रॅग गांवची ‘थँक्सगिव्हिंग कॉफी’ ही कॉफी भाजून विकणारी लहानशी पेढी गिऱ्हाईक म्हणून लाभली, आणि व्यवहार ‘फेअर ट्रेड’च्या, म्हणजे रास्त व्यापाराच्या, नियमांनीं ठरला. बाजार कितीही कोसळो, धुतलेल्या अरबिकेस त्या वेळीं पौंडामागें 1.26 डॉलरहून कमी द्यावयाचे नाहींत. त्यांपैकीं 5 सेंट सर्वांच्या हिताच्या कामासाठीं. बाजार वर गेला, तर बाजारभाव. ही रक्कम संस्थेच्या हातीं पडते व खर्च वजा जातां शेतकऱ्यास मिळते, हें विसरतां कामा नये. तरी तिला भिक्षा म्हणतां येणार नाहीं. ती मालाची किंमत आहे.

आतां गाण्यांविषयीं. ज्यानें जन्मभर दलालच पाहिला, त्याला ‘संस्थेंत ये, माल निगुतीनें कर’ हें पटवावयाचें कसें? छापील पत्रक येथें फारसें उपयोगी पडलें नसतें. भाषाही एक नाहीं. शेतकऱ्यांनीं गाणीं रचलीं. कोठें गिटार घेऊन बसलेली खेड्यांतील मंडळी, कोठें स्त्रियांचे मेळे, कोठें लांकडी पट्ट्यांच्या वाद्यावरचा ठेका. शेजाऱ्यांनो, संस्थेंत सामील व्हा, कॉफी लावा, रास्त भाव म्हणजे काय तें समजून घ्या, धर्म निराळे असले तरी एकत्र या, असा त्यांचा विषय. आमच्या जात्यावरच्या ओंवीनें कष्ट हलके केले. या गाण्यांनीं त्याबरोबर सभासदही मिळविले! व्यवहाराची इतकी रोखठोक कविता आमच्याकडील रसिकांस कदाचित् रुचणार नाहीं. आम्हांस मात्र ती फार आवडली.

अमेरिकेंतील टफ्ट्स विद्यापीठाचे संगीत-अभ्यासक जेफ्री समिट यांनीं अबायुदायांचें संगीत आधींच ध्वनिमुद्रित केलें होतें. पुढें त्यांनीं या कॉफीच्या गाण्यांचा संग्रह केला, आणि ‘स्मिथसोनियन फोकवेज’नें तो 2013 सालीं ‘डिलिशस पीस’ या नांवानें प्रसिद्ध केला. अशा रीतीनें म्बालेच्या शेतकऱ्याचा आवाज त्याच्या कॉफीप्रमाणेंच समुद्रापार पोंचला.

सारें सुरळीत झालें, असें मात्र समजूं नये. रास्त व्यापाराचा किमान भाव 2011 सालीं 1.40 डॉलर झाला, आणि पुढें तब्बल बारा वर्षें तेथेंच अडून राहिला. 2023 सालीं तो 1.80 वर गेला. मधल्या काळांत महागाई कांहीं थांबली नव्हती. हा संग्रह अद्याप मिळतो, सोबत टिपणांची पुस्तिकाही आहे. घरांतील वडील मंडळींनीं एखाद्या सायंकाळीं मुलांबाळांसह तो अवश्य ऐकावा.