गाडीचं पोट टेकतंय? आधी ओझं मोजा, मग स्प्रिंग बघा

पापड, चटण्या, बियाणं, बचतीचा हिशेब यांवर आपण इथं नेहमी बोलतो. आज विषय जरा वेगळा आहे. आज बोलूया गाडीबद्दल. "गाडीतलं आपल्याला काय कळतंय, ते गडीमाणसांनी बघावं," असं म्हणून रेडिओ बंद करू नका. आम्हीही तसंच म्हणत होतो, आणि त्याची किंमत गटाच्या पैशातून मोजली.

आमची वाडी पाटण तालुक्यात, डोंगराच्या कुशीत. डांबरी रस्त्यापासून साडेतीन किलोमीटर आत. रस्ता मातीचा, मधेमधे जांभ्याचे दगड वर आलेले, आणि ट्रॅक्टरच्या चाकांनी पडलेल्या खोल चाकोऱ्या. नाचणीचे पापड आणि शेंगदाण्याची चटणी कराडच्या बाजाराला न्यायला आमच्या गटानं एक जुनी छोटी गाडी घेतली. गटातल्याच एका ताईंनी गाडी शिकून लायसन काढलं. पहिल्या दिवशी गाडीला हार घातला, नारळ फोडला. पण चौथ्या फेरीपासून खालून आवाज यायला लागला. खर्र, धाड. गाडीचं पोट रस्त्याला टेकत होतं.

एका रात्री काय झालं

आषाढातली गोष्ट. गटातल्या एका मावशींच्या सुनेला रात्री कळा सुरू झाल्या. 108 नंबरला फोन केला, पण गाडी डांबरीपर्यंतच येणार होती. तिथवर न्यायला आमचीच गाडी काढली. ओढ्याच्या अलीकडं एक दगड खालून लागला. थोडं पुढं गेल्यावर समोरच्या काट्यांमध्ये तेलाच्या किटलीसारखा लाल दिवा पेटला. ताईंनी लगेच गाडी बंद केली. सगळे ओरडले, "आता कशाला थांबवली? चल की पुढं!" पण ताई बधल्या नाहीत. शेवटी वस्तीवरचा ट्रॅक्टर आणला, ट्रॉलीत गोधड्या पसरल्या आणि सुनेला डांबरीवर पोचवलं. बाळ-बाळंतीण सुखरूप. पण त्या अर्ध्या तासात मावशींच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

सकाळी बघितलं तर इंजिनच्या खालचं ऑइलचं चेंबर फुटलेलं, सगळं ऑइल मातीत. हे चेंबर पातळ पत्र्याचं असतं आणि बऱ्याच छोट्या गाड्यांत पुढच्या बाजूला तेच सगळ्यात खाली लोंबतं. ऑइल नसताना गाडी रेटली असती तर इंजिन जाम झालं असतं आणि भर पावसात गाडी ओढ्यात उभी राहिली असती. म्हणून पहिली गोष्ट लक्षात ठेवा. तो लाल दिवा चालताना पेटला की गाडी तिथंच बंद करायची. घर दिसत असलं तरी.

आम्ही घाईत केलेली चूक

दुसऱ्याच आठवड्यात आम्ही दोघीतिघी गाडी घेऊन जवळच्या एका मिस्त्रींकडं गेलो. ते म्हणाले, "ताई, स्प्रिंगमध्ये रबराचे बफर टाकतो, गाडी वर उचलून देतो. दोन तासांचं काम." आम्ही हो म्हणालो. गटाची सभा नाही, ठराव नाही. गाडी खरोखर वर उचललेली दिसली. आम्हीही खूश.

मग पुढच्या बाजाराला गेलो. गाडी इतकी कडक झाली होती की प्रत्येक खड्डा कमरेत बसत होता. कराडला जाऊन पोती उघडली तर पापडांचा चुरा. त्या दिवशी विक्री अर्धीसुद्धा झाली नाही. सभेत बायका चिडल्या, आणि बरोबरच होतं त्यांचं. "कुणाला विचारून खर्च केला? गाडी विकून टाका." आम्ही मान खाली घालून बसलो.

असं का झालं, ते आम्हाला नंतर कळलं. स्प्रिंगचं काम दबायचं आणि परत उघडायचं. चाक दगडावर चढलं की स्प्रिंग दबते, म्हणून धक्का वरच्या माणसाला कमी लागतो. तिच्या वेढ्यांमध्ये रबर कोंबलं तर तेवढे वेढे दबायचेच बंद होतात. गाडी वर राहते, पण धक्का सरळ आत येतो. शिवाय सगळा ताण उरलेल्या वेढ्यांवर पडतो आणि जुनी स्प्रिंग तुटूही शकते.

आधी मोजा

सभेत ठरलं, की आता एकदम काही करायचं नाही. आधी मोजायचं. तुम्हीही मोजा. सोपं आहे.

गाडी देवळापुढच्या सपाट फरशीवर उभी करा. हवा बरोबर भरलेली हवी. चाकात किती हवा हवी ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या पट्टीवर किंवा गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं असतं. मग फूटपट्टी घेऊन गाडीखालचा सगळ्यात खालचा भाग शोधा आणि जमिनीपासून त्याची उंची मोजा. या उंचीला ग्राउंड क्लिअरन्स म्हणतात. आपल्याकडच्या छोट्या गाड्यांचा तो साधारण 160 ते 180 मिलिमीटर, म्हणजे सव्वासहा ते सात इंच असतो. पण हा आकडा रिकाम्या गाडीचा, हे विसरू नका.

बफर काढून आम्ही मोजलं. रिकामी गाडी, सहा इंच. मग चार बायका बसल्या, डिकीत दोन पोती ठेवली. साडेचार इंच! दीड इंच तर आमच्याच ओझ्यानं गेला होता. एकजण म्हणाली, "म्हणजे गाडी खाली नाही, आपणच जड आहोत." सभेत पहिल्यांदा हसू आलं.

आता तुम्हीच सांगा, गाडी उंच करायचा सगळ्यात स्वस्त उपाय कोणता? वाईट रस्ता आला की उतरायचं. आता आमच्याकडं नियमच आहे. ओढ्याच्या अलीकडं सगळ्या उतरतात, चालत पुढं जातात, रिकामी गाडी मागून येते. पैसा एक लागत नाही.

गाडी उंच करायचे मार्ग

त्यानंतर आम्ही कराडच्या एका जुन्या जाणत्या मिस्त्रीकाकांकडं गेलो. त्यांनी गाडी वर घेतली आणि आम्हाला खाली उभं करून एकेक भाग दाखवला. त्यांच्याकडून जे कळलं ते सांगतो.

पहिला मार्ग म्हणजे झिजलेलं बदलणं. जुन्या गाडीच्या स्प्रिंगा वर्षानुवर्षं ओझ्यानं बसतात, जशी जुनी खाट मधे झोळ खाते. शॉकअप गळके होतात. आमच्या मागच्या दोन्ही स्प्रिंगा बसलेल्या होत्या आणि एकीचा टोकाचा वेढा तुटलेला होता. कंपनीच्या मापाच्या नव्या स्प्रिंगा आणि शॉकअप टाकले की गाडी मूळ उंचीवर येते. ही दुरुस्ती झाली, बदल नव्हे. स्प्रिंग बदलायची तर दोन्ही बाजूंची एकदम बदलायची, नाहीतर गाडी एका अंगाला कलते.

दुसरा मार्ग स्पेसरचा. शॉकअपच्या किंवा स्प्रिंगच्या डोक्यावर धातूची किंवा कडक रबराची जाड चकती बसवतात. चकतीच्या जाडीप्रमाणं गाडीचा सांगाडा वर उठतो. यात स्प्रिंगचे वेढे मोकळे राहतात, म्हणून ते वेढ्यांत रबर कोंबण्यापेक्षा बरं. पण गाडी जितकी उचलाल तितके त्रास वाढतात. इंजिनकडून पुढच्या चाकाकडं जाणारे एक्सल तिरके होतात, त्यांचे रबरी बूट फाटतात आणि आत माती गेली की सांधा कटकट वाजायला लागतो. ब्रेकची नळी ताणली जाते. चाकांचा कोन बदलतो आणि टायर एका कडेनं झिजतात. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे गाडीचं वजन उंचावर जातं. डोक्यावर एक हंडा असताना आपण वळतो तसं दोन हंडे असताना वळता येत नाही. घाटातल्या वळणावर उंच केलेली गाडी जास्त कलते. काका म्हणाले, "दोन इंच उचलून देणारे भेटतील तुम्हाला. तुम्ही पाऊण इंचाच्या वर जाऊ नका."

तिसरा मार्ग टायरचा. टायरवर आकडे असतात, समजा 145/80 आर 13. 145 म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. 80 म्हणजे टायरच्या कडेची उंची रुंदीच्या 80 टक्के. 13 म्हणजे आतल्या रिमचा व्यास इंचात. याच्या जागी 155/80 आर 13 टाकला तर टायरचा व्यास 16 मिलिमीटरनं वाढतो. पण गाडी उचलली जाते त्याच्या निम्मी, म्हणजे 8 मिलिमीटर, कारण बाकीचा अर्धा व्यास चाकाच्या मध्याच्या वर असतो. वेगाचा काटाही थोडा चुकतो. काटा 60 दाखवेल तेव्हा गाडी जवळपास 62 नं पळत असेल. आपल्याच गाडीच्या वरच्या मॉडेलला कंपनी जो आकार देते, तेवढाच घ्यावा. त्याहून मोठा टायर वळताना आतल्या पत्र्याला घासतो.

एक गंमत बघा. चाकाला जोडलेले खालचे भाग, म्हणजे पुढचे आर्म किंवा मागचा आडवा दांडा, स्पेसर टाकून वर जात नाहीत. ते चाकाबरोबरच राहतात. त्यांना फक्त मोठा टायरच उचलतो. म्हणून आपल्या गाडीला नेमकं काय घासतंय, ते आधी खाली वाकून बघा. ओरखडे दिसतातच. चेंबर घासत असेल तर उपाय वेगळा, मागचा दांडा घासत असेल तर वेगळा.

कायद्याचं काय?

मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 प्रमाणं, नोंदणीत लिहिलेला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाला गाडीत करता येत नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर परवानगी नसलेले भाग बसवून केलेल्या प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. म्हणून स्पेसर टाकण्याआधी आरटीओ कार्यालयात आणि विमा कंपनीत विचारा, आणि उत्तर लेखी घ्या. अपघात झाला आणि न कळवता केलेला बदल निघाला, तर भरपाईवरून भांडण होऊ शकतं. गाडी गटाची असेल तर ते भांडण सगळ्यांच्या बचतीशी येतं.

शेवटी आम्ही काय केलं

यावेळी सभा घेतली, ठराव लिहिला, सगळ्यांच्या सह्या घेतल्या. दोन दुकानांतून भाव आणले. मागच्या दोन्ही स्प्रिंगा आणि चारही शॉकअप कंपनीच्या मापाचे टाकले. चेंबरखाली जाड पत्र्याचं संरक्षण बसवलं. काम झाल्यावर चाकांचं अलाइनमेंट करून घेतलं, हेडलाइटची दिशा तपासली आणि आठवड्यानं सगळे नटबोल्ट परत आवळून घेतले. स्पेसर टाकला नाही. लागलाच नाही.

परत फरशीवर मोजलं. रिकामी साडेसहा इंच. चार बायका आणि दोन पोत्यांसह सव्वापाच. म्हणजे भरलेली गाडी पाऊण इंचानं वर आली, आणि पापड अख्खे पोचायला लागले.

गाडी हाकायची रीतही बदलली. वर आलेला दगड दोन चाकांच्या मधून घ्यायचा नाही, कारण तो पोटालाच लागतो. हळूच चाक त्याच्यावर चढवायचं. चाकोरीत चाक घालायचं नाही, चाकोरीच्या कडेच्या उंच पट्टीवरून न्यायचं. मधे उंचवटा आला तर सरळ न जाता थोडं तिरकं घ्यायचं. आणि ताई म्हणतात तसं, "रस्ता दिसत नसेल तर उतरून बघायचं, त्यात कमीपणा नाही."

मैत्रिणींनो, शेवटची गोष्ट सगळ्यात मोलाची. गाडी किती उचलणार? रस्ताच खाली गेला असेल तर एक दिवस पोट टेकणारच. म्हणून आम्ही महिला ग्रामसभेत विषय मांडला. चाकोऱ्यांत मुरूम भरावा, ओढ्याजवळ मोरी टाकावी, असा अर्ज दिला. शेतात जाणाऱ्या वाटांसाठीच्या मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजनेचीही चौकशी ग्रामपंचायतीत केली. मोरी अजून झालेली नाही. मुरूम मात्र दोन ठिकाणी पडला. अर्जाची पोच आमच्या दप्तरात आहे आणि दर ग्रामसभेला आम्ही ती वर काढतो.

मावशींचा नातू आता रांगतो. परवा लस द्यायला त्याला याच गाडीतून नेलं. ओढ्याजवळ गाडी थांबली, आम्ही सगळ्या उतरलो. मावशीही नातवाला कडेवर घेऊन उतरल्या. म्हणाल्या, "आता गाडीला जड नको."

तुमच्या गटाची गाडी असेल, टेम्पो असेल, तर या आठवड्यात एकदा खाली वाकून बघा. फूटपट्टी घ्या, रिकामी मोजा, भरून मोजा आणि दोन्ही आकडे गटाच्या वहीत लिहून ठेवा. मिस्त्रींकडं जाल तेव्हा ती वही बरोबर असू द्या. नमस्कार.