गळा आणि गिटार

जयंतीच्या कार्यक्रमात पेटी वाजवीत गाणारे कितीतरी गायक आम्ही ऐकले. पट्टी दाबली की पेटीचा सूर हमखास मिळतो, गळा मोकळा. पेडल स्टील गिटारचे तसे नाही. उजव्या हाताने तारा छेडायच्या, डाव्या हातातली पोलादी कांडी तारांवरून सरकवायची, शिवाय पाय पेडलवर आणि गुडघे दांड्यांवर! कांडी केसभर हलली तरी बेसूर. कान गिटारकडे द्यावा तर गळा घसरतो, गळ्याकडे द्यावा तर कांडी.

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या 'हाऊस ऑफ गॉड' चर्चमध्ये १९३०च्या दशकात ट्रोमन ईसन आणि त्यांचे धाकटे भाऊ विली यांनी स्टील गिटार रुजवली. विलींची गिटार मांडीवरची, बिनपेडलची. ते रस्त्याच्या कोपऱ्यावरही गात. ओळ गळ्याने सुरू करायची आणि पुढचे शब्द गिटारकडून वदवायचे, ही त्यांची युक्ती. लोक तिला बोलती गिटार म्हणत. अडचणीतून काढलेली ही वाट आम्हाला तर नुसत्या गाण्याहून गोड वाटते.

विली २००५ साली वारले. त्याच चर्चमध्ये वाढलेले रॉबर्ट रँडॉल्फ तेरा तारांची पेडल स्टील वाजवीत गातात.